पहिला महिना एकच साधन

वर्गात शिकवताना एकदम पाच अ‍ॅप सुरू करू नका. अर्धा तास लॉगिनमध्येच जाईल. पहिला महिना फक्त गूगल फॉर्म्स (ऑनलाइन प्रश्नावली तयार करायचं साधन) घ्या, तेही एकाच कामासाठी: तास संपताना ५ प्रश्नांची छोटी चाचणी.

सेटिंग्जमध्ये फॉर्मला क्विझ करा आणि प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाचं बरोबर उत्तर व गुण भरा, नाहीतर तपासणी आपोआप होणार नाही. ४ प्रश्न बहुपर्यायी, पाचवा मोकळा: ‘आज काय कळलं नाही?’ खरं सोनं या पाचव्यात असतं.

चुकीचे पर्याय उगाच भरायचे नसतात. मुलं नेहमी करतात तीच चूक पर्यायात ठेवा. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय द्या. तो निवडणारी मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतायत हे लगेच कळतं. प्रतिसादांच्या सारांशात प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाचा आलेख तयार मिळतो. अर्धा वर्ग चुकला असेल, तर दुसऱ्या दिवशीची पहिली १० मिनिटं त्याच मुद्द्याला द्या. हे केलं नाही तर चाचणी घेण्यात अर्थ नाही.

नवे शिक्षक हमखास अडकतात ते इथे:

- अ‍ॅड्रेस बारमधली लिंक पाठवतात. ती संपादनाची असते.
- फाइल अपलोडचा प्रश्न टाकतात. मग गूगल खात्यात साइन इन केल्याशिवाय फॉर्म भरता येत नाही.
- नावाचा प्रश्न अनिवार्य करायला विसरतात.

लिंक आधी स्वतःच्या फोनवर, साइन आउट करून उघडून पाहा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी तेच प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तरं वहीत घ्या.