हाल्ब फिअर

"मॅडम, वर्षभर ज्या वर्गात मी सगळ्यात ढ होते, तो वर्ग डोक्यातून जातच नाही. आता मीच वर्गापुढे उभी राहते तेव्हा पोटात गोळा येतो. मी कसली शिक्षिका होणार?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न हल्ली वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर येतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून नाशिकच्या कॉलेज रोडला जर्मन क्लासच्या पाट्या वाढल्यात. जाणाऱ्यांची चौकशी सगळे करतात, तिकडून बुजून आलेल्यांची कुणी करत नाही.

ही मुलगी बागलाणातली, सव्वीस वर्षांची. (तिच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) श्टुटगार्टजवळ एका कुटुंबात ती वर्षभर ओ-पेअर होती. आठवड्याला तीस तास मुलं सांभाळायची. राहणं-खाणं त्यांचं, हातखर्चाला महिन्याचे २८० युरो, आणि संध्याकाळी भाषेचा क्लास. आता इथे बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. सराव पाठानंतर शेरा मिळाला : ‘विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करत नाही.’ तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये घेऊनच ती आली होती.

सुरुवातीला मीच चुकले. तासाआधीची भीती म्हणून मी तिला श्वासाचे व्यायाम दिले. तिनं ते इमानेइतबारे केले आणि गोळा जिथल्या तिथे राहिला. मग मी तिला मनात येणारी वाक्यं लिहून आणायला सांगितली आणि त्यातल्या प्रत्येक ‘च’भोवती पेन्सिलनं गोल केला. ‘मला अचूकच बोलता आलं पाहिजे.’ ‘चुकलं की लोक हसणारच.’ अल्बर्ट एलिसनं १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा सगळा रोख या हट्टी ‘पाहिजेच’वर आहे. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो, ही आम्हा समुपदेशकांची सोय. पानावर अकरा गोल झाले. ती पहिल्यांदा हसली, आणि त्या दिवशी घड्याळाची गोष्ट निघाली.

पोराला ‘कीटा’तून, म्हणजे बालवाडीतून, ‘हाल्ब फिअर’ला आणायचं, असं घरच्या बाईंनी सांगितलं होतं. हाल्ब म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. हिनं हिशेब केला, साडेचार. पोचली तेव्हा आवारात कुणी नव्हतं. पोरगं कोट-टोपी घालून बाकावर, शेजारी किल्ल्या हातात घेतलेल्या ताई. हाल्ब फिअर म्हणजे साडेतीन. चौथ्या तासाचा अर्धा. त्या रात्री घरात जे बोलणं झालं त्यातलं निम्मं तिला कळलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

संध्याकाळच्या क्लासमध्ये तिनं मोडक्या जर्मनमध्ये हे सांगितलं. बाईंनी फळ्यावर घड्याळं काढली आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत वेळ सांगायला लावली. युक्रेनच्या एका बाईंची मोजणी जर्मनसारखीच निघाली, पुढच्या तासाकडे बोट दाखवणारी. हिनं अडीचचं घड्याळ बघून ‘अडीच’ म्हटलं. बाईंनी विचारलं, यात दोन कुठे आहे? हिला सांगता आलं नाही.

"तीन आहे त्यात," मी म्हणाले. अडीच आलं संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून : दोन पूर्ण, तिसरा अर्धा. म्हणजे हुबेहूब ‘हाल्ब द्राय’. जी चूक ती दोन वर्षं पोटात घेऊन फिरत होती, ती तिच्याच भाषेच्या माजघरात पडलेली होती. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे पाचवीला शिकवता येईल."

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये लिहिलं की, शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे तेरा हजार तास शिक्षकांना बघत बसलेला असतो, आणि पुढे तेच बघितलेलं वर्गात उतरतं. हिच्याकडे त्या तासांवर आणखी एक वर्ष होतं, शेवटच्या बाकावरचं. ते वाया गेलं असं आईचं मत. मला ती तिची खरी पुंजी वाटते. पण पुंजीलाही कीड लागते. आपल्याला लाज वाटली म्हणून कुणालाच टोकायचं नाही, असा तिनं निश्चय करून टाकला होता. ती दया खरं तर स्वतःवरची, आणि तिची किंमत मुलं मोजत होती. शेरा देणाऱ्यांचं बरोबर होतं, हे मी तिला सांगितलं. तिला आवडलं नाही.

"तुझ्या बाई चूक दुरुस्त करायच्याच नाहीत?"

"करायच्या की. मुलगी स्त्रीलिंगी म्हणून मी ‘डी मेडशन’ म्हणायचे. त्या म्हणायच्या, ‘हां, दास मेडशन, मग काय केलं तिनं?’ गोष्ट पुढे जायची. परीक्षेआधी मात्र लाल खुणांची वही हातात ठेवायच्या, जवळ येऊन, हळूच." बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, आणि आपण तरी ‘ते पोर’ म्हणतोच.

मधेच आईचा फोन आला. ‘शे, शे’ करत ती अहिराणीत बोलली, माझ्याकडे नजर गेली आणि झटकन ‘आहे’वर आली. मी तेवढंच विचारलं, हे कधीपासून? नाशिकच्या शाळेत आठवीत आल्यापासून. म्हणजे शेवटचा बाक जर्मनीत पहिल्यांदा मिळालेला नव्हता. त्यावर आम्ही दोन सत्रं घालवली. ते इथे लिहीत नाही.

तिच्या सरावाच्या शाळेत अंबडच्या कामगार वस्तीतला एक मुलगा आहे, घरी भोजपुरी. दोन महिने त्यानं तोंड उघडलं नव्हतं. परवा उभा राहिला : "टीचर, माझा पुस्तक हरवला."

"तुझं पुस्तक हरवलं? कुठं ठेवलं होतंस?"

"माझं पुस्तक बाकावर होता."

‘माझं’ आलं, ‘होता’ राहिला. तिनं तो तसाच राहू दिला, मुलाबरोबर बाकाखाली वाकून पुस्तक शोधलं, आणि वहीत नोंद केली : ‘होता’चं सोमवारी.