कपाटात अडकलेली मूळ प्रमाणपत्रे

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

प्रश्न : मी परिचारिका आहे. माझे गाव कराडजवळ असून सध्या मी डोंबिवलीला मावशीकडे राहते. दीड वर्षापूर्वी मुंबईतील एका खासगी रुग्णालयात रुजू होताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएम या परिचर्या पदविकेचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र अशी सगळी मूळ कागदपत्रे माझ्याकडून जमा करून घेतली आणि त्यांची पोच दिली नाही. दोन वर्षांच्या बाँडवर सहीही घेतली. आता दुसरीकडे निवड झाली असून कागदपत्र पडताळणीला पंधरा दिवस उरले आहेत. एचआरमध्ये विचारले, तर “एक लाख रुपये भरा आणि फाईल घेऊन जा,” असे तोंडी सांगतात. वडील सोसायटीचे कर्ज काढायला तयार आहेत. पैसे भरून मोकळे व्हावे का?

उत्तर : ताई, वडिलांना आधी कर्ज काढण्यापासून थांबवा. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे वाद एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि ते तसे मिसळलेले राहण्यातच रुग्णालयाची सोय आहे. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल तुम्ही काही देणे लागता का, हा एक वाद. तुमची प्रमाणपत्रे त्यांनी ठेवून घ्यावीत का, हा दुसरा. पहिल्याचा निकाल काहीही लागो, दुसऱ्याचे उत्तर त्यावर अवलंबून नाही.

आधी प्रमाणपत्रांचे पाहू. येणे वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ ने मोजक्याच लोकांना दिला आहे : बँका, अडते, बंदरावरील धक्क्यांचे चालक, उच्च न्यायालयातील अ‍ॅटर्नी आणि विमापत्रांचे दलाल. या यादीत मालक किंवा नियोक्ता नाही. इतर कोणाला असा हक्क सांगायचा असेल, तर तसा स्पष्ट करार लागतो. त्यामुळे तुमच्या बाँडची प्रत मिळवा आणि त्यात प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचे कलम आहे का, ते नीट वाचा. बहुतेक बाँडमध्ये ते नसतेच. असले, तरी ज्या कागदांवर माणसाची पुढची सगळी उपजीविका अवलंबून आहे ते अडवणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे कलम २३ खाली आणि ती तुम्हाला दुसरीकडे नोकरी करण्यापासून रोखते, असे कलम २७ खाली ठामपणे मांडता येते.

आमच्या व्यवसायातील एक निवाडा येथे मुद्दाम सांगतो. फी थकल्याचे कारण देऊन एका वकिलाने आपल्या अशिलाची कागदपत्रे परत करण्यास नकार दिला होता. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले, की ही कागदपत्रे म्हणजे विकून पैसे उभे करता येतील असा माल नव्हे, म्हणून फीसाठी ती अडवण्याचा हक्क वकिलाला नाही. फी हवी असेल तर त्याने कायद्याच्या अन्य मार्गाने ती वसूल करावी. तो निकाल वकिलांबाबतचा आहे, हे खरे. तरी तुमची गुणपत्रिका विकून रुग्णालयाला एक रुपयाही मिळणार नाही, ती फक्त तुमच्यावर दबाव ठेवण्याच्या कामाची आहे, हे दाखवायला त्यातील तर्क पुरेसा आहे.

आता बाँड. “सगळे बाँड बेकायदा असतात” असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षे नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक क्षेत्रातील बँकेला भरतीची प्रक्रिया नव्याने राबवावी लागते, त्याचा खर्च तेथे विचारात घेतला गेला. तुमच्या बाबतीत प्रश्न असा, की रुग्णालयाने तुमच्यावर नेमका कोणता खर्च केला? वेगळे प्रशिक्षण दिले का? करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते आणि लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. दोन वर्षांपैकी दीड वर्ष तुम्ही सेवा दिली आहे, हेही तेथे सांगता येईल. रुग्णालयाला पैसे हवे असतील, तर त्याने दावा लावावा.

पोच नाही म्हणून घाबरू नका, ती आता तयार करता येते. भांडणाचा एकही शब्द न घालता आजच ई-मेल पाठवा : “अमुक तारखेला रुजू होताना मी आपल्याकडे पुढील मूळ कागदपत्रे जमा केली. पडताळणीसाठी ती मला अमुक तारखेपर्यंत हवी आहेत.” खाली प्रत्येक कागदाचे नाव, वर्ष आणि बैठक क्रमांक लिहा. “आधी एक लाख भरा,” असे उत्तर आले, तर कागद त्यांच्याकडे असल्याची कबुली त्यातच मिळाली. उत्तर न आल्यास तोच मजकूर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. या लेखी मागणीचा आणखी एक उपयोग आहे : ठेवायला दिलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत मागणीनंतर मिळालेल्या नकाराच्या दिवसापासून मोजतात. रुग्णालयाशी झालेले संदेश पुसू नका. तुमच्याबरोबर रुजू झालेल्या ज्या मैत्रिणींचे कागद तेथेच आहेत, त्यांनाही स्वतंत्र पत्रे द्यायला सांगा. एकटीचे पत्र बाजूला ठेवले जाते, दहा पत्रे तशी ठेवता येत नाहीत. मुंबईतील परिचारिका २०११ साली याच बाँडच्या आणि कागद अडवण्याच्या पद्धतीविरुद्ध एकत्र आल्या, तेव्हाच हा विषय रुग्णालयांच्या भिंतींबाहेर गेला.

एवढ्यावर कागद मिळाले नाहीत, तर वकिलाची नोटीस आणि त्यानंतर दिवाणी दावा. पैशाने भरून न येणारी वस्तू तीच परत करायला लावण्याची तरतूद विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ७ व ८ मध्ये आहे आणि पडताळणी तोंडावर असल्याने तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली, म्हणजे फौजदारी विश्वासघाताची, तक्रार देता येते. मात्र “ही दिवाणी बाब आहे” असे उत्तर तेथे बऱ्याचदा ऐकावे लागते, म्हणून तक्रार लेखीच द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका : विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क महिलांना उत्पन्नाची अट न घालता दिलेला आहे. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

पंधरा दिवसांत हे सारे पुरे होईलच असे नाही. तेव्हा नव्या ठिकाणी आजच खरी परिस्थिती लिहून कळवा, मागणीपत्राची प्रत जोडा आणि मुदत मागा. डिजिलॉकरवर तुमच्या गुणपत्रिका आहेत का ते पाहा. तेथे मंडळाने किंवा विद्यापीठाने स्वतः दिलेला दस्तऐवज कायद्याने मुळाच्या बरोबरीचा मानला जातो. तुम्ही स्वतः काढून चढवलेल्या फोटोला तो दर्जा नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

प्रश्न : मुलाची पदवी जुन्या कंपनीने अडवली आहे. “हरवली” अशी पोलिसांत तक्रार देऊन द्वितीय प्रत काढा, असे एका एजंटने सुचवले आहे. तसे करावे का? (एक पालक, भांडुप)

उत्तर : मुळीच करू नका. कागद कोठे आहे हे ठाऊक असताना तो हरवल्याचे पोलिसांना सांगणे आणि प्रतिज्ञापत्रावर तसे लिहून देणे हा मुलाच्याच अंगावर येणारा गुन्हा आहे, आणि उद्या कंपनीने मूळ पदवी पुढे केली की चूक करणारा तो ठरेल. द्वितीय प्रत हवीच असेल, तर पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या (मुंबई विद्यापीठ असल्यास कलिना येथील) परीक्षा विभागाकडे, कागद अमुक ठिकाणी अडवला आहे असे खरे कारण लिहून, मागणीपत्राच्या प्रतीसह अर्ज करावा.

प्रश्न : अंधेरीत माझे हिशेब तपासणीचे लहान कार्यालय आहे. मुले काम शिकतात आणि ऐन रिटर्नच्या दिवसांत न सांगता निघून जातात. म्हणून मी त्यांची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो. ती नीट जपतो. यात माझे काय चुकते? (एक व्यावसायिक)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन माणसे गेली की लहान कार्यालयाचे काय होते, हे मला माहीत आहे. तरीही उपाय चुकला आहे. तुम्ही जपत असाल. सगळे जपतातच असे नाही. मागे एका मुलीबरोबर मी तिच्या कार्यालयात कागद आणायला गेलो, तेव्हा लोखंडी कपाटातून निघालेल्या फायलीत तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेला पंचिंग मशीनने दोन भोके पाडलेली होती आणि त्यातले एक थेट बैठक क्रमांकावरून गेले होते. कोणी मुद्दाम केले नव्हते. फाईल लावणाऱ्या शिपायाला तो इतर कागदांसारखाच एक कागद वाटला होता. ती मुलगी टेबलापाशी उभी राहून त्या भोकावरून बोट फिरवत होती.

तुमच्या हाती दुसरे रास्त मार्ग आहेत. नेमणूकपत्रात नोटीसचा कालावधी स्पष्ट लिहा आणि तो न पाळल्यास किती पगार द्यावा लागेल, तेही लिहा. एखाद्याला खरोखर पैसे खर्चून अभ्यासक्रमाला पाठवलेत, तर त्या पावत्या जोडून तेवढ्यापुरता करार करा. मूळ कागद रुजू होण्याच्या दिवशी समोर बसून पाहा, छायाप्रतीवर “मुळाबरहुकूम” लिहून सही करा आणि मूळ त्याच वेळी परत द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ साली उच्च शिक्षण संस्थांना विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे स्वतःकडे ठेवण्यास मनाई केली, तेव्हाही पडताळणी करून कागद लगेच परत द्यावेत, हीच पद्धत सांगितली होती.

आज जी प्रमाणपत्रे तुमच्या कपाटात आहेत, ती याच आठवड्यात ज्याची त्याला द्या आणि परत मिळाल्याची सही नोंदवहीत घ्या. नोकरी सोडून गेलेल्यांचीही त्यात असतील. त्यांना फोन करून बोलवा.