स्प्रिंकलरची हिवाळी सर्व्हिस बंद केली तर पैसे वाचतील का?

तुम्ही लिहिलंय की बागेत सहा झोनची (वेगवेगळ्या व्हॉल्ववर चालणाऱ्या सहा भागांची) स्प्रिंकलर सिस्टीम आहे, थंडीच्या आधी दरवर्षी एक जण कॉम्प्रेसर आणून पाइपातलं पाणी हवेने काढून देतो, आणि दहा वर्षांची फी जोडली तर आकडा डोळ्यात येतो, म्हणून एकतर स्वतःचा छोटा कॉम्प्रेसर घ्यावा नाहीतर सगळे पाइप एकदाच खोल टाकून मोकळं व्हावं. हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे, एका वर्षी पाणी आत राहिलं तर किती जाईल ते त्यात कुठेच नाही.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाचं बूच आणि बंद व्हॉल्व यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढत जातो आणि जिथे कमजोर असेल तिथे पाइप फाटतो, बऱ्याचदा एकापेक्षा जास्त ठिकाणी, आणि हे कळतं कधी तर थंडी संपल्यावर पाणी सुरू केलं की. मग शोधा, खणा, जोडा, वर वाया गेलेल्या पाण्याचं बिल. सगळ्यात जपायचा पार्ट म्हणजे बॅकफ्लो प्रिव्हेंटर, म्हणजे बागेतलं पाणी उलटं पिण्याच्या पाण्यात जाऊ न देणारा व्हॉल्व, तो बहुतेक जमिनीच्या वर उघड्यावर असतो त्यामुळे आधी तोच गोठतो आणि तो स्वस्त नसतो. प्लंबरकडून फक्त तो एक पार्ट बदलायचं कोटेशन घ्या आणि वार्षिक फीने भागा. उत्तर समजा ६ आलं, तर ६ वर्षांत तो एकदा जरी फुटला तरी वाचवलेली सगळी फी गेली, पाइपांचा खर्च वेगळाच. इन्शुरन्स आहे ना असं मनात असेल तर पॉलिसी आधी वाचा, घराबाहेरचे जमिनीतले पाइप आणि काळजी न घेतल्याने गोठून झालेलं नुकसान पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं.

पाइप खोल टाकायचा विचार मात्र सोडाच. कडक थंडीच्या भागात जमीन एक मीटरच्याही खाली गोठते, आणि पाइप कितीही खाली नेला तरी स्प्रिंकलरचं तोंड वरच असणार, तिथपर्यंत येणाऱ्या नळीतलं पाणी गोठणारच. खोल असायला हवी ती घरातून येणारी मेन लाइन आणि तिचा शट-ऑफ व्हॉल्व, ते नसेल तर तिथे जरूर खर्च करा.

छोट्या कॉम्प्रेसरचं सांगतो. तो प्रेशर दाखवतो पण पुरेशी हवा पुरवत नाही, आणि इथे काम हवेच्या प्रमाणाचं आहे, कमी पडली की सखल जागी पाणी तसंच राहतं आणि आपण निर्धास्त. मग लोक प्रेशर वाढवतात, तेही चुकीचं, पीव्हीसीला ८० पीएसआय (हे दाबाचं माप) आणि पॉलिथिलीनला ५० पीएसआयच्या वर जायचं नसतं. स्वतःच करायचं असेल तर मोठा मशीन एक दिवस भाड्याने घ्या आणि डोळ्यांना गॉगल लावूनच करा.

एकदाच खर्च करायचाच असेल तर पाइपांना उतार आहे का बघून सखल जागी हाताने उघडायचे ड्रेन व्हॉल्व बसवून घ्या. तो खर्च भागिले फी, म्हणजे किती वर्षांत वसूल, आणि तितकी वर्षं तुम्ही त्या घरात राहणार असाल तरच. इन्सुलेशन गुंडाळल्याने गोठणं लांबतं, टळत नाही, पण बॅकफ्लोवर ते नक्की घाला, अचानक पडलेल्या एका थंड रात्रीपुरतं खूप कामाला येतं.

तुमचा इमर्जन्सी फंड दीड महिन्याच्या खर्चाएवढाच आहे ना, मला खरी काळजी त्याची वाटते. कॉम्प्रेसरला ठेवलेले पैसे तिकडे वळवा, फीचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला टाका आणि यंदाची सर्व्हिस करूनच घ्या. तारीख आत्ताच घ्या, पहिली थंडी पडली की सगळ्यांचे फोन एकदम जातात. तो आला की जवळ उभे राहा, प्रत्येक झोनला एकदाच खूप वेळ हवा मारण्यापेक्षा थोडी थोडी दोनदा मारायला सांगा कारण कोरड्या पाइपात हवा चालू राहिली की गरम होऊन स्प्रिंकलरचे प्लास्टिकचे गिअर खराब होतात, आणि जाताना बॅकफ्लोचे बॉल व्हॉल्व अर्धे उघडे ठेवलेत का ते स्वतः बघा.