पेनाचं चिन्ह टाकताना

भाऊ, सीताबर्डीच्या दुकानाची वेबसाइट करतो आहेस, तर ‘एडिट’साठी पेन निवडण्याआधी त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला दिलेला ठरावीक नंबर, पाहून घेजो. यू+२७१२ ही काळी निब १९९३ च्या युनिकोड १.१ मध्येही होती; यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे तो नंबर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, ती तीन बाइटची. बॉलपेन २०१४ च्या ७.० मध्ये आलं, त्याला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना ‘यूटीएफ८’ एका चिन्हाला तीनच बाइट घेतो, म्हणून निब साठवली जाते अन् बॉलपेन अडकतं. डेटाबेसचं टेबल सरळ चार बाइट घेणाऱ्या यूटीएफ८एमबी४ वर ने, बाकी जुगाड नको. निब कुठे काळी, कुठे रंगीत दिसत असेल तर तिच्यामागे व्हेरिएशन सिलेक्टर-१६ हा रूप निवडणारा कोड जोड. तो स्वतः दिसत नाही, फक्त रंगीत रूप मागतो. अन् बटणावर ‘बदला’ असं लिहीच बापा, गिऱ्हाइकाला नुसतं पेन कळत नाही.