बॉनेटखालचे प्रश्न : थिंबल दाबायचं की डाग मारायचा?

प्रश्न : ताई, माझ्या गाडीच्या डिकीत अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणि बारा इंची वूफर बसवलाय. अ‍ॅम्प 600 वॅट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा. बॅटरीपासून 4 गेजची तांब्याची वायर ओढली आहे. दुकानातल्या मुलाने बॅटरीकडचं थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी, बोल्टसाठी भोक असलेली धातूची नळी) पकडीने दाबलं. मोठ्या आवाजात थोडा वेळ गाणी लावली की ते हाताला चटका देतं. मेव्हणे टीव्ही दुरुस्त करतात. ते म्हणतात, दाबायचं काम कच्चं, मी सोल्डरने, म्हणजे कथिल-शिसं वितळवून, पक्का डाग मारून देतो. मारू देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका मारू देऊ. मेव्हण्यांना माझं नाव सांगा, राग माझ्यावर निघू दे. पण पकडीने दाबलेलं थिंबलही तसंच ठेवू नका, ते आजच कापा.

आधी चटका का बसतो ते बघू. तुमचा अ‍ॅम्प 600 वॅट बाहेर देतो तेव्हा बॅटरीकडून साधारण 750 वॅट ओढतो, कारण उरलेल्याची उष्णता होते. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्ट धरले तर हे झाले 54 अँपिअर. हिशेबाला 50 घेऊ. पकडीने थिंबलाची नळी फक्त चपटी होते. आत तारांच्या मध्ये हवा राहते आणि मोजक्याच तारा धातूला टेकतात. अशा जोडात 10 मिलिओहमचा अडथळा असला, तर 50 अँपिअरला तिथे 25 वॅट उष्णता तयार होते. 25 वॅट म्हणजे मेव्हण्यांच्या हातातली सोल्डरिंग आयर्न! ती तुम्ही बॅटरीवर कायमची लावून ठेवली आहे.

आता डागाचं. टीव्हीच्या बोर्डावर मेव्हण्यांचं काम उत्तमच असणार. तिथे करंट थोडा आणि बोर्ड भिंतीवर शांत बसलेला. इथे 4 गेजचं जाड तांबं आयर्नची उष्णता ओढून घेतं, सोल्डर वरवर बसतं आणि डाग कच्चा राहतो. मग कोणीतरी गॅसची बत्ती काढतं. बत्तीने सोल्डर नीट वितळतं खरं, पण तारांच्या फटींतून ते इन्सुलेशनच्या आतपर्यंत चढतं. तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो. इंजिनची थरथर आणि रस्त्यावरचे खड्डे यांनी वायर हलत राहते आणि सोल्डर जिथे संपलं नेमक्या त्या रेषेवर एकेक तार तुटत जाते. वरून काही दिसत नाही, कारण तुटलेलं इन्सुलेशनखाली असतं. शिवाय जोड कधी फार तापलाच, तर नेहमीचं 60/40 सोल्डर 190 अंशांच्या आसपास पातळ होतं.

नीट दाबलेल्या थिंबलात तारा आणि नळी एकमेकांत इतक्या घट्ट बसतात की हवा शिरायला जागा उरत नाही. त्यासाठी मापाची डाय, म्हणजे दाबायचा साचा हवा. तुमची वायर साधारण 21 स्क्वेअर एमएमची आहे, म्हणजे 25 चं तांब्याचं थिंबल आणि 25 चीच डाय. 16 च्या थिंबलात बसवायला तारा छाटायच्या नाहीत. हायड्रॉलिक टूल विकत घ्यायची गरज नाही. कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही पॅनल बनवणाऱ्याकडे जा, दोन मिनिटांत दाबून देईल. जास्तीचं एक थिंबल आणि वायरचा तुकडा बरोबर न्या. तोही दाबून घ्या आणि हेक्सा ब्लेडने मधोमध कापून बघा. कापलेल्या तोंडावर सलग तांबं दिसलं पाहिजे, भोकं दिसली तर डाय चुकली.

दाबल्यावर वरून डाग मारायचा मोह होतो. त्याने काही मिळत नाही, सोल्डर मात्र वर चढतं. आधी सोल्डर लावून मग दाबणं त्याहून वाईट. अमेरिकेच्या ‘नासा’च्या वायरिंगच्या नियमांत तर त्याला साफ मनाई आहे. अ‍ॅम्पच्या स्क्रूखाली जाणाऱ्या टोकालाही सोल्डर लावू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. तिथे फेरूल, म्हणजे तारांवर दाबून बसवायची छोटी धातूची नळी वापरा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का? नसेल, तर फ्यूज बसेपर्यंत वायर बॅटरीवरून काढून ठेवा.

प्रश्न : दर पावसाळ्यानंतर थिंबलावर हिरवी बुरशी धरते. डाग मारला तर थांबेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती बुरशी नाही, तांब्याचा गंज आहे. चिपळूणची हवा आणि बॅटरीची वाफ, दोन्ही त्याला मानवतात. पाणी शिरतं ते नळीच्या मागच्या तोंडातून, तारांच्या मधून. म्हणून कलई केलेलं थिंबल घ्या, दाबा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. गरम केल्यावर तिच्या कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. नट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. वायरच्या तारा आत काळ्या पडल्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तारेला डागही धरत नाही आणि दाबही.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्तात 4 गेजची वायर मिळाली. ब्लेडने खरवडली तर आत चांदीसारखी. सोल्डर करू की क्रिंप, म्हणजे थिंबल दाबून बसवू?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : आत अ‍ॅल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा पातळ मुलामा. तांब्याच्या तुलनेत करंट वाहण्याची क्षमता साधारण 60 ते 65 टक्के. सोल्डर फक्त मुलाम्याला धरतं. क्रिंप केली तरी अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली सरकत राहतं. परत करता येत असेल तर करा. पुढच्या वेळी ब्लेड न्यायचीही गरज नाही, वजन बघा : तांब्याच्या निम्म्याहून कमी भरतं. आमच्या गल्लीतला भंगारवाला तर हातात घेऊनच भाव पाडतो.