देवदूताची दोन वाक्यं

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. घरी दिवसभर टकळी चालू असते, पण चर्चच्या नाताळ नाटिकेच्या तालमीला हनुवटी छातीला टेकवून गप्प उभी राहते. देवदूताची दोनच वाक्यं आहेत, तीही पाठ. दोन मैत्रिणी सांभाळून घेतात, कुणी काही विचारलं तर त्याच उत्तर देतात. पंधरा दिवस उरलेत. तिला नाटिकेतून काढू का?
– एक आई, वसई

उत्तर : काढू नका. आज सुटका होईल, पण टाळलेली गोष्ट मुलांना पुढच्या वेळी आणखी मोठी वाटते.

मैत्रिणी जीव लावतात, हे फार मोलाचं आहे. त्यांना एवढंच सांगा : तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही, मनात पाचपर्यंत मोजून थांबायचं. ती बोलली तर टाळ्या नकोत, गप्पा पुढे न्यायच्या. टाळ्या पडल्या की सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळतात, आणि तिला नेमकं तेच नको असतं. 'आमची लाजाळू आहे हो' हे तुम्हीही तिच्यादेखत म्हणू नका.

पहिले तीन दिवस घरीच, सर्वांत जवळच्या मैत्रिणीसोबत एका सुरात वाक्यं म्हणू द्या. मग दुसरीला बोलवा. मग तिघी तालमीच्या २० मिनिटं आधी रिकाम्या हॉलमध्ये. नंतर टीचर दाराशी, दुसऱ्या दिवशी मधल्या बाकावर, शेवटी समोर. एका वेळी माणूस बदला किंवा जागा. दोन्ही एकदम बदललं की आवाज बसतो. अडली तर मुकाट्यानं आदल्या पायरीवर या. माइक दोन दिवस आधीच हातात द्या, कारण आपलाच आवाज स्पीकरमधून घुमला की मुलं दचकतात.

देवदूत तीन करता येतील का, टीचरना विचारा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, मेंढपाळांना आधी एक देवदूत दिसतो, मग त्याच्यासोबत देवदूतांचा मोठा समुदाय. त्यामुळे तिघींनी मिळून 'भिऊ नका' म्हणणं कथेला धरूनच होईल. एकीचा आवाज फुटला नाही तरी दोघी वाक्य पुरं करतील. आणि हेही तिला जरूर सांगा : मरियेचा पती योसेफ याच्या तोंडी चारही शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही, तरी त्याच्याशिवाय येशूजन्माचा, गोठ्याचा देखावा पुरा होत नाही.

शाळेतही महिन्याहून अधिक काळ ती एक शब्द बोलत नसेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घरी बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी असं गप्प होतं, त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नव्हे, आणि रागावून तो वाढतो.

गोठ्याच्या देखाव्यात मांडायची नाचणीची हिरवळ मात्र आजच तिघींकडे सोपवा. हात कामात असले, नजर मातीकडे असली की बुजऱ्या मुलांना बोलणं सोपं जातं. नाचणी रात्रभर भिजवायची आणि नाताळच्या आठ-दहा दिवस आधी पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाट पेरायची. पाणी हातानं शिंपडायचं. ओतलं तर बी एका कडेला गोळा होतं आणि बुरशी धरते.