किञ्चित् अपसरतु

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. दहावीला संस्कृतात शंभरपैकी सत्त्याण्णव गुण, आणि तरीही ‘मला संस्कृतात साधं पाणी मागता येत नाही’, हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी एम. ए. झाले तेव्हा माझंही हेच होतं. संस्कृत नाटककार भवभूतीवर तासभर बोलायचे, पण मराठीतून.

तू विचारतेस, आधी कुठलं व्याकरण पक्कं करू? कुठलंच नको. दिवसभरात जी वाक्यं बोलतेस, त्यांतली पाच उचल. माझी पाच वाक्यं लोकलमधली होती. मी आणि माझी मैत्रीण ठाण्याहून दादरला स्लो गाडीने जायचो. तिघींच्या बाकावर चौथी सीट मागताना मी एकदा धीर करून मैत्रिणीला म्हटलं, “किञ्चित् अपसरतु”, म्हणजे जरा सरका. ती सरकली. मी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या संस्कृत वाक्याने एक काम केलं होतं! मग “भवती कुत्र अवतरति?” (तुम्ही कुठे उतरता?), “दादरे अवतरामि”, असं रोजचं सुरू झालं. ‘भवती’ला क्रियापद तृतीय पुरुषाचं लागतं, त्यामुळे ‘तुम्ही’ आणि ‘ती’ दोघींचं एकाच रूपात भागतं. सुरुवातीला ही फार मोठी सोय आहे.

भूतकाळाची तुला भीती वाटते, लङ् आणि लिट् ही भूतकाळाची रूपं आठवत नाहीत म्हणतेस. पण भूतकाळ तुला दोन वर्षांची असल्यापासून येतो. बघ. तिने पोळी खाल्ली: तया पोलिका खादिता. तिने भात खाल्ला: तया ओदनः खादितः. तिने फळ खाल्लं: तया फलं खादितम्. खाल्ली, खाल्ला, खाल्लं. खादिता, खादितः, खादितम्. खाणारी तीच, रूप मात्र खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदललं. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे तिथल्या मुलीला हे वळण मुद्दाम शिकावं लागेल. तुझ्या जिभेवर ते आहेच. गावाकडे ‘म्या खाल्लं’ म्हणतात ना, त्यातला ‘म्या’ म्हणजे संस्कृतातला ‘मया’च.

मात्र मराठी जिथे मदत करते तिथेच चकवतेही. राग आला म्हणून ‘रागः’ म्हणशील तर समोरच्याला प्रेम ऐकू येईल. तिथे ‘कोपः’ हवा. शिक्षा म्हणजे शिकणं, मार मिळतो तो दण्ड. वास म्हणजे राहणं, नाकाला येतो तो गन्ध. असे शब्द एका वहीत लिहीत जा.

चुकण्याबद्दल एक गोष्ट सांगते, पतंजलीच्या महाभाष्यातली, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या त्याच्या ग्रंथातली. एका वैयाकरणाने विचारलं, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी म्हणाला, मी या रथाचा ‘प्राजिता’. हा शब्द अशुद्ध आहे, असं वैयाकरणाने त्याला सुनावलं. तेव्हा सारथ्याने उत्तर दिलं की नियम कुठे लागतो ते तुम्हाला कळतं, पण इष्ट काय, म्हणजे कुठलं रूप मान्य आहे, ते कळत नाही. पतंजलीने हा वाद मन लावून लिहून ठेवला आहे, आणि त्यात सारथ्याची बाजू वरचढ आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रथ हाकणारा माणूस या भाषेत पंडिताशी वाद घालताना दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पाणिनीनेसुद्धा लांबून हाक मारताना शेवटचा स्वर लांबवावा, असा नियम दिला आहे. हाक मारणारी माणसं आजूबाजूला असल्याशिवाय असा नियम कुणाला सुचेल?

आकाशवाणीवर १९७४ पासून संस्कृत बातम्या लागतात, त्या ऐक. संस्कृत भारती या संस्थेची दहा दिवसांची, रोज दोन तासांची संभाषण शिबिरं होतात. जवळपास असेल तर जरूर जा, पण अकराव्या दिवशी बोलायला कुणीतरी हवं, ते आधी शोध. एकटीने आरशासमोर बोललेलं टिकत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

तोवर मी आहे. शनिवारी दुपारी ये. येताना स्टेशनबाहेरून मेथीची जुडी आण, निवडता निवडता बोलू. मराठीत एकही वाक्य बोलायचं नाही, आणि अडलीस तर बोटाने दाखव, शब्द मी देईन.

तुझी,
मावशी